कोम्बरीच्या बाकावरची बाई

एक्झिटर, ६ ऑगस्ट १८४७

प्रिय मावशी,

गुडघ्याला मोहरीचा लेप लावू नकोस, असं बाबांनी डॉक्टर म्हणून सांगितलंय. तू लावणारच हेही त्यांना ठाऊक आहे, तेव्हा तो विषय संपला. मला तुझ्याकडून एक काम हवंय आणि ते बाबांनाही कळता कामा नये.

वसंतात बाथला मि. मॅथ्यू हार्डेल यांच्याशी आमची ओळख झाली, हे तुला लिहिलं होतं. तू उत्तरात फक्त 'उंच आहे का?' एवढंच विचारलंस. उंच आहेत. बोलताना अडखळतात, पण अडखळून झाल्यावर जे बोलतात ते ऐकण्यासारखं असतं. जूनमध्ये त्यांनी मला रीतसर मागणी घातली. बाबा खूश आहेत. सप्टेंबर संपेपर्यंत मी उत्तर द्यायचं असं ठरलंय. मावशी, मला ते आवडतात. हे मी अजून कुणाजवळ बोलले नाही, आरशाजवळसुद्धा.

बाथला मी त्यांना म्हटलं होतं, "तुमचं कोम्बरी कसं आहे ते सांगू नका, काढून दाखवा." गेल्या आठवड्यात चित्र आलं. साध्या पेन्सिलीने काढलेलं त्यांच्या हवेलीभोवतालचं पार्क. उतरती हिरवळ, खाली तळं, तळ्याकाठी हरणं, मागे ओकच्या गर्दीतून डोकावणारी धुराडी. पुढे डाव्या हाताला एक भलामोठा चेस्टनट आणि त्याच्या बुंध्याभोवती गोल बाक. झाडं फार सुंदर काढली आहेत. पानं काढत बसले नाहीत, सावली काढली आहे. बाबांनी लगेच ते दिवाणखान्यात लावायला घेतलं.

पण बाक रिकामा असूनही डोळा सारखा तिथेच जात होता. मी इतकी वर्षं पेन्सिल घासतेय, मला राहवेना. कागद खिडकीशी नेऊन तिरपा धरला. बाकाच्या जागी कागदाचा पोत गेलाय. तिथे काहीतरी होतं आणि ते पावाच्या गराने घासून पुसलंय. शिसं पुसलं जातं, पण टोकाने पडलेला चरा जात नाही. तिथे एक बाई बसलेली होती, मावशी. टोपी, खांद्यावर शाल, मांडीवर हात. तिच्या शालीच्या घड्या काढताना हात जेवढा जपून चाललाय, तेवढा त्या अख्ख्या चित्रात कुठेच चाललेला नाही.

घरात त्यांचे काका जोशुआ आणि ते, दोघंच राहतात, असं मला सांगितलं गेलंय. वडील नाहीत. आई तब्येतीसाठी फ्रान्सला असते. मग ही कोण? आणि माझ्याकडे यायच्या आधी तिला पुसलं कशाला?

कोम्बरी तुझ्या लेडबरीपासून गाढवाच्या गाडीच्या टप्प्यात आहे. तू तिथे नवीन, तुला फारसं कुणी ओळखत नाही. जरा कानोसा घे.

तुझी,
हेस्टर


लेडबरी, १४ ऑगस्ट

हेस्टर बाळ,

लेप लावला. बरं वाटतंय. बाबांना सांग.

तुझं काम वाटलं तेवढं सोपं नाही. हे लोक दोन वर्षांत मला गावची मानायला लागले असं मी समजत होते. कोम्बरीचं नाव काढलं की सगळ्यांची तोंडं शिवल्यासारखी. बेकरीवाल्या मिसेस प्रोबर्टला म्हटलं, "हार्डेलांच्या घरात बायामाणूस कोण आहे हो?" तर ती म्हणते, "आज बनपाव चांगले फुगलेत, देऊ का?" मी बनपाव घेतले. खरंच चांगले होते.

शेवटी मोच्याकडे गेले. तो बहिरा आहे, त्यामुळे आपण काय बोलतो ते त्यालाच ऐकू येत नाही. पार्कात तळ्याच्या पलीकडे एक छोटं घर आहे, त्याला बागघर म्हणतात. तिथल्या बाईसाठी तो दरवर्षी मऊ चामड्याच्या सपाता शिवतो. पैसे मॅथ्यू हार्डेल स्वतः आणून देतो. "बाई कोण?" असं त्याच्या कानाशी ओरडले, तर म्हणाला, "आम्ही विचारत नाही. तो बिचारा रोज संध्याकाळी तिच्यापाशी जाऊन बसतो, एवढं माहीत आहे."

आई फ्रान्सला असते, हे पाद्रीबुवांच्या बायकोनेही सांगितलं. पण सांगताना ती माझ्याकडे न बघता चहादाणीकडे बघत होती.

आता माझं मत विचारशील तर मला हे आवडलेलं नाही. लग्नाआधी पुरुषाने काय केलं याचा हिशेब कुणी ठेवत नाही, मी चाळीस वर्षं पाद्र्याची बायको होते, मला सगळं ठाऊक आहे. पण जिच्यापाशी रोज संध्याकाळी जातो ती बाई 'आधी' मध्ये बसत नाही, ती 'आत्ता' मध्ये बसते.

घाई करू नकोस.

तुझी मावशी,
फिलिपा


एक्झिटर, १८ ऑगस्ट

प्रिय मावशी,

चित्र भिंतीवरून काढलं. बाबांना म्हटलं, काचेला तडा गेलाय.

मी नकाराचं पत्र लिहिलंय. चार ओळींचं आहे, कारण दिलेलं नाही. ते टेबलावर पडलंय. टपालात टाकायला रोज निघते आणि रोज मोलकरणीला दुसरंच काही काम सांगून परत येते.

दुसरी बाई आहे म्हणून राग आला असेल, असं तुला वाटेल. येतोच. पण त्याहून जास्त राग कशाचा येतो सांगू? तिला त्याने इतकं मन लावून काढलं आणि मग पावाच्या गराने पुसून टाकलं. उद्या मलाही कुणाला तरी दाखवायची वेळ आली, तर तो मला पुसणार नाही कशावरून?

पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबते. तोवर तुझं काही आलं नाही तर पत्र जाईल.

हेस्टर


लेडबरी, २५ ऑगस्ट

हेस्टर,

ते पत्र टाकलं असलंस तर टपालगाडीच्या मागे पळत जा. टाकलं नसलंस तर चुलीत घाल आणि मग पुढे वाच.

काल मी कोम्बरीला गेले होते. त्यांचं पार्क गुरुवारी सभ्य लोकांना फिरायला उघडं असतं. म्हणून मी मंगळवारी गेले. फाटकावरच्या म्हाताऱ्याला म्हटलं, "माझं गाढव तहानलंय आणि तुमचं तळं दिसतंय." तो कुरकुरला, पण गाढवाकडे बघून त्याला दया आली. माझ्याकडे बघून आली नव्हती.

चेस्टनट चित्रात आहे तसाच आहे. आणि बाकावर ती बसलेली होती.

हेस्टर, ती पन्नाशी ओलांडलेली बाई आहे. केस पांढरे, नीट विंचरलेले. अंगावर जुन्या धाटणीचा, माझ्या तरुणपणी बायका घालायच्या तसा झगा. मला बघून तिने सरकून जागा करून दिली, जशी काही आमची रोजची ओळख.

"बसा," ती म्हणाली. "तुम्ही पियानोचे सूर लावायला आलात ना?"

मी म्हटलं, "नाही बाई, मी गाढवाला पाणी पाजायला आले."

"तेही करायलाच हवं," ती म्हणाली. मग ती आपणहूनच बोलायला लागली. "शनिवारी माझा मॅथ्यू शाळेतून येतो आहे. अकराचा आहे. बोलताना अडखळतो म्हणून पोरं चिडवतात त्याला. मी म्हणते, चिडवू देत, तू सावकाश बोल. सावकाश बोलणाऱ्याचं लोक शेवटी ऐकतात."

मी मनाशी मॅथ्यू हार्डेलचं वय मोजायला लागले.

तेवढ्यात हवेलीकडून एक उंच तरुण शाल घेऊन उतरणीवरून आला. मला बघून जागच्या जागी थांबला, पांढराफटक पडला. पण तिने हाक मारली तसा पुढे आला आणि शाल तिच्या खांद्यावर टाकली.

"हे आमचे कारभारी," तिने मला सांगितलं. "फार सोशीक माणूस. कारभारी, शनिवारी मॅथ्यू येईल तेव्हा त्याला थंड मटण वाढू नका. शाळेत तेच असतं रोज."

"नाही वाढणार, बाईसाहेब."

"आणि त्याच्या खोलीत विस्तव घाला."

"घालतो, बाईसाहेब."

हे बोलताना तो जराही अडखळला नाही. मला वाटतं, हे संभाषण त्याने इतक्यांदा केलंय की आता अडखळायला जागाच उरलेली नाही. तुझे काका गेले त्यानंतर मी कुणासमोर रडलेली नाही. काल गाढवाच्या मानेत तोंड घालून रडले. गाढवाने फारसं मनावर घेतलं नाही.

तो मला फाटकापर्यंत पोचवायला आला. वाटेत म्हणाला, "बाई, तुम्ही जे पाहिलंत ते..." आणि तिथे मात्र शब्द अडकला. मी म्हटलं, "मी हेस्टर पेथिकची मावशी." तो थांबला. मला वाटलं आता हा रागावेल. पण त्याचे खांदे असे खाली आले, जसं कुणी डोक्यावरचा हारा उतरवून ठेवावा.

"देव भलं करो तुमचं," तो म्हणाला. "आता मला सांगावंच लागेल."

मी त्याला सांगितलं की तूच लिही, मी तुझ्या वतीने काही सांगणार नाही. आणि बघ, मी सगळंच सांगून बसले.

फिलिपा


कोम्बरी, २६ ऑगस्ट

आदरणीय मिस पेथिक,

तुमच्या मावशींचं पत्र तुम्हाला माझ्याआधी मिळेल. मिळू दे. त्या माझ्यापेक्षा भराभर सांगतात.

बाथला तुम्ही माझ्या आईबद्दल विचारलं होतं. ती फ्रान्सला असते, असं मी म्हणालो. ते खोटं होतं. माझी आई या पार्कातून अठरा वर्षांत बाहेर गेलेली नाही.

मी अकरा वर्षांचा असताना आमच्या घरात विषमज्वर आला. वडील गेले. आई वाचली, पण ताप तिच्या डोक्यात गेला. ती उठली तेव्हा तिच्यासाठी त्या वर्षीचा डिसेंबर होता आणि मी शाळेतून यायचा होतो. अजून यायचाच आहे. मी शाळेतून आलो तेव्हा ती मला ओळखायची. मग मी वाढायला लागलो. एका सुट्टीत मी दारात उभा राहिलो आणि तिने विचारलं, "आपण कोण?" त्या दिवशी मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. पुढे कधीतरी मी कारभारी झालो.

काकांनी मला वाढवलं, त्यांचं मी वाईट बोलणार नाही. पण घराला वेडाचं नाव लागलं की पुढच्या पिढीला कुणी मुलगी देणार नाही, हे त्यांनी मनात घट्ट धरलं. फ्रान्सची गोष्ट त्यांची. माणसं इथली, ती आईवर जीव टाकतात, म्हणून बाहेरच्याजवळ कुणी बोलत नाही.

तुमच्यासाठी चित्र काढायला बसलो ते आई बाकावर असताना. तिच्याशिवाय ते झाड मला काढताच येत नाही. चित्र झालं. काकांनी पाहिलं, टेबलावरचा पाव माझ्या हातात दिला. मी एकोणतीस वर्षांचा आहे. मला नाही म्हणता आलं असतं. मी पुसलं.

तुम्हाला ते दिसलं, असं तुमच्या मावशी म्हणाल्या. मला आधी लाज वाटली. मग मला वाटलं, इतकं नीट बघणाऱ्या माणसाशी मी आजवर बोललोच नव्हतो.

हे दुखणं रक्तात आहे की नाही, ते मला खात्रीने सांगता येत नाही. डॉक्टर वेगवेगळं सांगतात. तुमच्यावर कसलंही बंधन नाही. तुम्ही नाही म्हणालात, तर ते मला समजेल आणि मी ते कुणाजवळ बोलणार नाही.

आपला,
मॅथ्यू हार्डेल


एक्झिटर, ३० ऑगस्ट

प्रिय मि. हार्डेल,

मी तुम्हाला नकाराचं पत्र लिहिलं होतं. ते आज सकाळी चुलीत गेलं. हे मुद्दाम सांगते, म्हणजे लपवाछपवी तुमच्या एकट्याकडून झाली असं राहायला नको.

माझं उत्तर होय आहे. हे मी बाबांना तुमचं पत्र दाखवायच्या आधी लिहिते आहे, कारण ते काय म्हणतील यावर माझं उत्तर ठरलेलं नाही.

एक खोटं मी सोडून देते. दुसरं सोडणार नाही. माझ्यासमोर तुम्हाला हवं तेवढं अडखळा, मी वाट बघेन, पण जे आहे ते सांगा. आणि तुमच्या काकांना सांगा, की कोम्बरीला मी येईन तेव्हा तुमच्या आईंना बागघरात बसवायचं नाही. जेवणाच्या टेबलावर त्यांची खुर्ची मांडलेली मला दिसली पाहिजे.

हेस्टर पेथिक


एक्झिटर, ३ सप्टेंबर

मावशी,

इतक्या दिवसांनी मी सोमवारी पोटभर जेवले. आपण किती दिवस उपाशी होतो ते दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावर कळलं. बाबा म्हणाले, "काचेचा तडा सांधला वाटतं."

मग मी त्यांच्यासमोर पत्र ठेवलं. त्यांनी ते डॉक्टरासारखं वाचलं, म्हणजे परत परत. मी होय म्हणून बसले होते खरी, पण उद्या माझी पोरं झाली आणि त्यांच्यावर हे आलं तर, हे माझ्याही मनात आलंच होतं, खोटं कशाला बोलू?

बाबांनी चष्मा काढला. "तापाआधी बाई कशी होती?" त्यांनी विचारलं. मला कुठून माहीत? तर त्यांनी त्याच दिवशी कोम्बरीच्या जुन्या डॉक्टरांना लिहिलं आणि आज उत्तर आलं. तापाआधी घर, शेती, पाहुणे सगळं ती एकहाती सांभाळायची. तिची आई ऐंशीपर्यंत स्वतःची पत्रं स्वतः लिहायची. बाबा म्हणाले, "हे रक्तातलं नाही, पोरी. विषमज्वराने केलेलं मोडतोडीचं काम आहे. बंदरावरच्या इस्पितळात मी असे खलाशी पाहिलेत. तुला याची भीती बाळगायचं कारण नाही."

एवढं बोलून ते बागेत गेले आणि गुलाबांना पाणी घालत बसले. काल दिवसभर पाऊस पडलाय, मावशी. त्यांनाही बहुतेक भीती वाटत होती.

तू गुडघ्यासाठी चेल्टनहॅमच्या औषधी झऱ्यांवर जाते आहेस ते बरं. मोहरी घरीच राहू दे.

हेस्टर


कोम्बरी, ९ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

आम्ही परवा इथे पोचलो. काका जोशुआ दारात उभे होते. मला वाटलं होतं राक्षस असेल, निघाला एक सर्दी झालेला म्हातारा. बाबांनी त्यांना आत नेऊन बराच वेळ समजावलं, ताप म्हणजे काय आणि वेड म्हणजे काय. बाहेर आले तेव्हा काकांचे डोळे लाल होते आणि ते सर्दीचं कारण सांगत होते. अठरा वर्षं हा माणूस एका गोष्टीला भ्याला आणि ती गोष्ट नव्हतीच. मला त्यांचा राग धरता आला नाही.

जेवायला टेबलावर खुर्ची मांडलेली होती. मिसेस हार्डेल आल्या, बसल्या, सूप फार खारट आहे म्हणाल्या. खारट होतंच, पण तोवर कुणी बोललं नव्हतं. काकांनी स्वतः उठून त्यांचं ताट बदललं.

आज दुपारी मी एकटीच त्यांच्याजवळ बाकावर जाऊन बसले. चेस्टनटची फळं पडताहेत, एक माझ्या टोपीवर पडलं, त्यावर त्या खूप हसल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि आपण कोण?"

मी येतानाच ठरवलं होतं की यांच्याशी खोटं बोलायचं नाही. म्हटलं, "मी हेस्टर. मी मॅथ्यूशी लग्न करणार आहे."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. रागाने नाही, काळजीने. "पण पोरी, तो अकराचा आहे. तुला फार थांबावं लागेल."

"थांबेन," मी म्हटलं.

त्या विचारात पडल्या. मॅथ्यू तेव्हा तळ्याकडून वर येत होते, बुटांना चिखल, हातात माझी छत्री. त्यांच्याकडे बघत बघत त्या माझ्या कानाशी वाकल्या.

"हे बघ, मॅथ्यू माझा मुलगा आहे, तरी मी तुझ्या भल्याचं सांगते. तुझं वय असं थांबण्याचं नाही. आमचे कारभारी अजून बिनलग्नाचे आहेत. माणूस सोन्यासारखा आहे. तुला चालणार असेल तर मी शब्द टाकते."

मी म्हटलं, "टाका."

मॅथ्यू जवळ आले तशा त्या ताठ बसल्या आणि मालकिणीच्या आवाजात म्हणाल्या, "कारभारी, ही मुलगी चांगल्या घरची आहे आणि तिला हसायला येतं. तुमचं काय म्हणणं आहे?"

मॅथ्यू माझ्याकडे बघत राहिले. मग अडखळले, नेहमीपेक्षा जास्त. आम्ही दोघी थांबलो. कुणालाच घाई नव्हती.

"माझी हरकत नाही, बाईसाहेब," ते म्हणाले.

"मग झालं तर," त्या म्हणाल्या, आणि माझा हात उचलून त्यांच्या हातात दिला.

तुझी,
हेस्टर